आहेरात ग्राइंडर मागावा का?

पत्र

ताई, माझं लग्न मार्गशीर्षात आहे. माहेर राजारामपुरीत, सासर फुलेवाडीत. आम्ही दोघंही पुण्यात नोकरीला होतो, तिथंच कॉफीचा नाद लागला. आता कोल्हापुरात परत येऊन त्याच्या आईवडिलांसोबत राहणार आहोत. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं छापतोय, तरी मित्रमंडळी, ऑफिसातले लोक, मामे-आतेभावंडं 'काय देऊ सांग' म्हणून मागे लागलीत. दादाच्या लग्नात आलेली भिंतीवरची घड्याळं आणि लेमन सेट अजून माळ्यावर पडून आहेत. म्हणून वाटलं, घरी कॉफी करायला लागणाऱ्या वस्तूंची यादी करून द्यावी. एस्प्रेसो मशीन हे माझं खूप दिवसांचं स्वप्न आहे, तेही त्यात घालावं म्हणते. आई म्हणाली, 'यादी देणं म्हणजे मागून घेणं. चार माणसं काय म्हणतील?' सासूबाईंचं घर पूर्ण चहाचं. यादी करू का? केली तर त्यात काय घालू? आणि लोकांना सांगायचं कसं?

— र., कोल्हापूर

उत्तर

प्रिय र.,

यादी कर. फक्त ती पत्रिकेत छापू नकोस आणि भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नकोस. ज्यानं स्वतःहून 'काय देऊ?' असं विचारलं, त्याच्याच हातात ती पडावी. आणि एस्प्रेसो मशीन तेवढं त्यातून काढ. का ते पुढं सांगते.

आधी आईचं बोलू. तिची भीती उगीच नाही. आपल्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी बसून याद्या करतात. कुणी काय करायचं, कुणाचा मान काय, सगळं कागदावर येतं, आणि त्या कागदापायी कर्जात गेलेली घरं तिच्या पिढीनं जवळून पाहिली आहेत. तुझा कागद वेगळा आहे, पण तो कुणाकडून कुणाकडे जातो याला फार महत्त्व आहे. तुम्हा दोघांकडून तुमच्या मित्रांकडे गेला तर ठीक. तोच नवऱ्याकडच्या कुणी तुझ्या मामाला पुढे पाठवला, तर ती मागणीच झाली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. न मागता, प्रेमानं दिलेल्या भेटीला त्यात हरकत नाही, मागणीला आहे. होणाऱ्या नवऱ्याला हे स्पष्ट सांग: माझ्या माहेरच्या माणसांना तुझ्या बाजूनं कुणी काही कळवायचं नाही.

याच कायद्याखाली १९८५ चे नियम आहेत. वधूला काय मिळालं आणि वराला काय मिळालं, याच्या लेखी याद्या ठेवायच्या असतात: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली दोघांच्याही सह्या. पूर्वी मांडवात आहेराची वही धरून एक काका बसायचे, तीच वही तू नीट ठेव. आईला हे सांग. लपवाछपवी काही नाही, सगळं लिहून ठेवलंय, हे दिसलं की तिचा जीव थोडा खाली पडेल.

आता यादीत काय घालायचं ते.

पहिलं नाव कॉफीच्या बिया दळायच्या ग्राइंडरचं लिही. बाकी काहीच आलं नाही आणि एक चांगला ग्राइंडर आला, तरी तुमची सकाळ सुधारेल. कॉफी बिघडते ती बहुतेक वेळा दळताना. मिक्सरचं पातं बिया कापत नाही, फोडतं. त्यातून थोडी धूळ निघते, थोडी भरड राहते. एकाच पातेल्यात बटाट्याच्या जाड-बारीक फोडी शिजवल्या तर बारीक गळून जातात आणि जाड कच्च्या राहतात, तसंच इथं होतं. धुळीतून कडू अर्क उतरतो, भरडीतून आंबट, आणि दोन्ही एकाच कपात येतात. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्यांमधली फट तू ठरवतेस, त्यामुळे दाणा बराचसा एकसारखा पडतो. शिवाय आपल्या घरात मिक्सरचा अजून एक प्रश्न आहे. ज्या भांड्यात वर्षानुवर्षं कांदा-लसूण चटणी फिरलीय, त्याच्या रबरात तो वास कायमचा बसलेला असतो. कितीही घास, चिकमगळूरच्या बिया त्यात फिरवल्यास की लसणाचाच वास येणार. कॉफी वास फार पटकन ओढून घेते. म्हणून दळलेली किंवा न दळलेली कॉफी चटणीच्या बरणीशेजारच्या फळीवरही ठेवायची नाही.

ग्राइंडर हाताचा घ्यावा की विजेचा? हाताचा चांगला ग्राइंडर, पोलादी चकत्यांचा, सहसा पाच ते आठ हजारांत येतो. एका वेळी वीसेक ग्रॅम मावतात, म्हणजे दोघांसाठी दोनदा फिरवायचा. तुम्हाला ते आवडत असेल तर उत्तमच. सकाळी घाई असेल तर विजेचा बघा. पण तो महाग पडतो आणि आवाज करतो. सासरे पहाटे पूजेला बसत असतील, तर तेही आधी विचारून घे. हाताचा असो की विजेचा, ही वस्तू एकट्यानं द्यायची नाही. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या ग्रुपनं वर्गणी काढून द्यावी. यादीत नुसतं 'ग्राइंडर' लिहू नकोस, कंपनी आणि मॉडेल दोन्ही लिही. नाहीतर प्रेमानं कुणीतरी पात्याचा सहाशे रुपयांचा ग्राइंडर घेऊन येईल, आणि तोही माळ्यावर जाईल.

दुसरं नाव वजनकाट्याचं. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, दोन किलो पेलणारा, टायमर असलेला. चमच्याच्या मापानं आज एक चव येते आणि उद्या दुसरी. १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी, एवढं एकदा काट्यावर बसवलं की मग आवडीप्रमाणे कमीजास्त करता येतं. काटा फार महाग नसतो, एखादी मैत्रीण एकटीनंही देऊ शकेल.

लांब चोचीची किटली असली तर बरी, नसली तरी अडत नाही. तापमान दाखवणारी महागडी किटली तर मुळीच नको. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उकळी आली की गॅस बंद करून अर्धा-एक मिनिट थांबलं, की पाणी कॉफीला हवं तेवढ्यावर येतं. मध्यम किंवा गडद भाजलेली असेल तर अजून थोडं थांब.

आता कॉफी कशात करायची, हा खरा घरचा प्रश्न. तुम्ही दोघं पुण्यात बहुधा बिनदुधाची, ओतून गाळलेली कॉफी प्यायला शिकलात. ती चालू ठेवा. त्यासाठी प्लॅस्टिकचा व्ही-६० शंकू पुरे, दोन कपांचा, म्हणजे ०२ नंबरचा. चिनी मातीचा दिसायला देखणा असतो, पण तो पाण्याची उष्णता खातो आणि फुटतो. प्लॅस्टिकचा स्वस्त आणि चवीलाही चांगला. त्याचे कागदी फिल्टर शंभराच्या पाकिटात येतात. अशी दोन-चार पाकिटं यादीत घाल. कमी बजेटवाल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या भावंडांसाठी ही भेट फार चांगली. रोज लागणारी आहे, आणि देणाऱ्याला खिशाचा विचार करायला लावत नाही.

एरोप्रेसही घालू शकतेस, म्हणजे दट्ट्यानं दाबून कॉफी गाळायचं नळकांडं. फेकायची उडती कडी बनवणाऱ्या अ‍ॅलन अ‍ॅडलर या अमेरिकी इंजिनिअरनं २००५ मध्ये तो आणला. तो सहसा फुटत नाही, मिनिटभरात धुऊन होतो, आणि पन्हाळ्याला किंवा गगनबावड्याला पिशवीत टाकून नेता येतो. मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबानं कॉफी वर चढवणारं भांडं, मला आवडतो, पण तो घेताना सासरची शेगडी बघ. अ‍ॅल्युमिनिअमचा मोका इंडक्शनवर तापत नाही, आणि गॅसच्या मोठ्या बर्नरवर ठेवला तर ज्वाळा बाजूनं वर येऊन मूठ वितळते. छोटा बर्नर, मंद आच, खालचं पाणी व्हॉल्व्हच्या खाली, आणि पूड दाबायची नाही. एवढं पाळणार असाल तर घ्या. व्ही-६०, एरोप्रेस, मोका, फ्रेंच प्रेस असं सगळं एकदम मात्र मागू नका. दोन पुरेत.

त्या दोनांपैकी एक साधा दाक्षिणात्य स्टीलचा फिल्टर असावा, असं माझं ठाम मत आहे. हे दुधाचं गाव आहे. गंगावेशीत समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्यायला लोक उभे राहतात, आणि आपल्या घरांत रोज येतं तेही बहुतेक म्हशीचंच. त्यात स्निग्धांश सहा-सात टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चारच्या आसपास. तुमची हलकी भाजलेली, फळासारखी आंबूस अरेबिका जातीची कॉफी या दुधात घातलीस तर तिची चव सापडायची नाही. उलट गडद भाजलेली, थोडी रोबस्टा ही कडक जात आणि वीस-तीस टक्के चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळाची भुकटी, असलेली पूड या दुधापुढं टिकते, आणि उडप्याच्या हॉटेलातल्यासारखी कॉफी होते. वरच्या भांड्यात २५-३० ग्रॅम पूड, हलकेच दाबून, त्यावर दीडशे मिलिलिटर कडक पाणी. वीस मिनिटांत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, खाली उतरतं. रात्री लावून ठेवलंस तर सकाळी तयार असतं. दूध फार घट्ट वाटलं तर थोडं पाणी घालून तापव.

चहाच्या घरात कॉफी शिरेल ती याच वाटेनं. सासूबाईंच्या हातात पहिल्याच आठवड्यात बिनदुधाची कॉफी देऊ नकोस. दूध-साखरेची, गरम, फेसाळ दे. आवडली तर त्या पितील, नाही आवडली तर त्यांचा चहा त्यांनी प्यावा. तुझी कॉफी तुझ्यापुरती राहिली तरी संसारात काही बिघडत नाही.

फिल्टरचा अजून एक उपयोग आहे. तुझी आत्या, मावशी, शेजारच्या काकू यांना भांडंच द्यायचं असतं. त्यांना व्ही-६० म्हणजे काय हे समजावत बसू नकोस. फिल्टर आणि डवरा-टंबलरचा, म्हणजे कॉफीच्या वाटी-पेल्याचा, जोड भांड्याच्या दुकानात मिळतो, आणि तिथंच त्यावर नावही घालून मिळतं. 'चि. सौ. कां. … हिस आत्याकडून' असं कोरलेला फिल्टर तुझ्या ओट्यावर वीस वर्षं राहील. आत्यालाही आपण भांडं दिल्याचं समाधान. पितळी फिल्टर दिसायला फार सुंदर, पण रोज घासणार कोण? स्टीलचाच सांग.

आता एस्प्रेसो मशीन. तुझं स्वप्न मी मोडत नाही, फक्त आहेरातून बाहेर काढते. चांगलं मशीन घेऊन त्याच्याजोगा ग्राइंडर नसेल तर ते निव्वळ दूध तापवायचं यंत्र होतं. एस्प्रेसो साधारण ९ बार दाबाखाली, तीसेक सेकंदांत उतरते, आणि दळण किंचित जाड पडलं तरी पाणी सरळ वाहून जातं. खोक्यावर १५ बार, २० बार असं मोठ्यानं लिहिलेलं असतं, त्याला भुलू नकोस. त्या आकड्यानं कप चांगला होत नाही. मशीनला दर आठवड्याला धुणं, ठरावीक काळानं क्षार काढणं, आणि बिघडलं तर पुण्या-मुंबईला पाठवणं आलं. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात आत चुन्याचा थर लवकर बसतो. त्याला बहुधा सोळा अँपिअरचा बोर्ड लागेल आणि ओट्यावर हातभर जागा. ती जागा अजून तुझी नाही. सासूबाईंचा ओटा त्यांच्या सवयीनं लागलेला आहे. लग्नाच्या आठवड्यात तिथं एवढं मोठं यंत्र येऊन बसलं, तर त्याच्याबद्दल पहिलं बोलणं कौतुकाचं नसेल.

म्हणून असं कर. वर्गणीतून ग्राइंडर घेताना एस्प्रेसोपर्यंत बारीक दळणारा, फट हळूहळू कमीजास्त करता येणारा घे. सहा महिने, वर्षभर घरात रुळा. मग दोघांच्या पगारातून मशीन घ्या, तोवर ग्राइंडर हाताशी असेलच. तेव्हा टॅम्परवर, म्हणजे पूड दाबायच्या ठोकळ्यावर, फार पैसे घालू नकोस. पोर्टाफिल्टरचं, म्हणजे मशीनच्या मुठीच्या गाळणीचं माप, ५१, ५४ की ५८ मिलिमीटर, ते उद्यमनगरातल्या लेथवाल्याला दे. चांगल्या स्टीलमध्ये तो हवा तसा फिरवून देईल. हे काम आपल्या गावात होतं याचा मला अभिमान आहे.

कॉफीच्या बिया आहेरात नकोत, निदान लग्नाच्या दिवशी नकोत. भाजल्यानंतर आठवडाभरानं बिया रंगात येतात आणि महिना-दीड महिन्यात उतरणीला लागतात. लग्नानंतर सत्यनारायण, जोतिबाचं आणि अंबाबाईचं दर्शन, गोंधळ, पाहुणे. तुम्ही निवांत कॉफी करायला बसाल तोवर दहा पाकिटं शिळी व्हायला लागतील. त्यापेक्षा ज्याला बियाच द्यायच्या आहेत, त्याला म्हणावं, दर महिन्याला ताज्या भाजून घरपोच येतील अशी वर्गणी भर. हिशेब साधा आहे. रोज दोन कप म्हणजे ३० ग्रॅम, म्हणजे पाव किलोचं पाकीट आठ दिवसांत संपतं. दोन पाकिटं महिन्याला आली तरी वाया जात नाहीत. चिकमगळूर, कोडगू, अरकू इथल्या बिया आज सहज मागवता येतात. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात मक्केहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. ते डोंगर आपल्याच हायवेनं बेळगाव, हुबळी ओलांडून खाली उतरलं की येतात. पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या फळीवर ठेव. फ्रिजमध्ये नको, तिथं ओल आणि वास दोन्ही लागतात.

यादी दहा-बारा ओळींपेक्षा मोठी करू नकोस. तीनशे रुपयांपासून वर्गणीच्या मोठ्या वस्तूपर्यंत सगळ्यांना काहीतरी सापडावं, पण किंमती लिहू नकोस. किंमत लिहिली की माणूस वस्तू बघत नाही, आपली ऐपत बघतो. यादी तुझ्याकडे न ठेवता एका जवळच्या मैत्रिणीकडे दे. कुणी काय घेतलं ते तिनं खोडत जावं, म्हणजे तीन काटे येणार नाहीत, आणि कुणी काय दिलं किंवा दिलं नाही हे लग्नाआधी तुला कळणारही नाही. वस्तू हॉलवर आणायला सांगू नकोस. पाकिटं, पिशव्या, शालूंच्या गर्दीत खोकी हरवतात. मैत्रिणीच्या पत्त्यावर मागवा, आणि खोकं उघडलं की बिल वेगळ्या फाइलला लाव. वॉरंटी बिलावरच्या तारखेपासून मोजतात, आणि बिल देणाऱ्याच्या नावावर असतं, ते नंतर मागायला संकोच वाटतो.

ग्रुपमधला कुणी म्हणाला, 'मला यातलं काही कळत नाही, मी आपला पाकिटात घालून देतो', तर त्याला यादीकडे ओढू नकोस. कुणी तरीही लेमन सेट आणला तर तो हसून घे.

सासूबाईंशी बोलणं मात्र यादी बाहेर जायच्या आधी व्हावं. 'आम्हाला कॉफीची आवड आहे, त्यासाठी दोन-चार वस्तू येतील, त्या कुठं ठेवू?' एवढंच विचार. एक फळी मागून घे, आणि त्या जी देतील ती चालेल असं म्हण. हे बोलणं होणाऱ्या नवऱ्यानं करावं की तू? दोघांनी मिळून, पण सुरुवात त्यानं करावी. घर त्याचं आहे आणि आवड दोघांची.

सांगायचं कसं म्हणतेस, तर असं लिही:

'तू विचारलंस म्हणून सांगते. आहेर खरंच नको, तुम्ही आलात की पोचलं. तरीही काही द्यायचंच असेल तर, आम्हाला घरी कॉफी करायला आवडते, त्यासाठी लागणाऱ्या थोड्या वस्तूंची यादी माझ्या मैत्रिणीकडे आहे. तिचा नंबर देते, तिच्याशी बोलून घे, म्हणजे एकच वस्तू दोनदा येणार नाही. यातलं काही जमलं नाही तरी मनात आणू नकोस. लग्नाला मात्र घरच्यांना घेऊन यायचंच.'

हा निरोप विचारणाऱ्याला एकेकट्याला पाठव, ग्रुपवर नाही. आणि पहिल्यांदा पाठवायच्या आधी आईला वाचून दाखव. तिला खटकेल तो शब्द काढून टाक आणि मगच पाठव.